अमेरिकेतील निवडणुकीचे वाद आणि उजव्यांची बाजू



चालकांनी मला बोलावले तेव्हा मी त्यांना म्हणालो, "माझ्याकडून किमान वेतनावर बोलून घ्या, ग्रॅच्युइटीवर बोलून घ्या, अमेरिकेच्या निवडणुकीवर मी काय बोलणार?" ते म्हणाले, "गाडीत रोज बोलता, तेच इथे बोला. फक्त इथे मध्येच कल्याण येणार नाही." म्हणून धीर करून उभा राहिलो आहे. माझे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या एका लोखंडी कपाटाने आणि कसारा लोकलने केले. एका हातात इंग्रजी वर्तमानपत्र, दुसऱ्या हातात कोश, तोही बसायला जागा मिळाली तर. तेव्हा माझ्या बोलण्यात विद्वत्ता शोधू नका. एका कामगार कार्यकर्त्याला जे दिसले आणि जे खुपले, तेवढेच सांगणार आहे.

२८ जून २०२४, शुक्रवारची सकाळ. आपल्याकडे साडेसहा वाजले होते. अमेरिकेत पूर्वेच्या बाजूला आदल्या रात्रीचे नऊ. अटलांटा शहरात राष्ट्राध्यक्ष बायडन आणि माजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प समोरासमोर उभे राहिले, आणि आमच्या डब्यातल्या एका तरुण फिटरने मोबाइलवर तो वाद लावला. एकाचे वय ८१, दुसऱ्याचे ७८. बायडन बोलता बोलता अडखळले, वाक्य अर्धे सुटले, आणि डब्यात हशा पिकला. टिटवाळा येईपर्यंत आमच्या डब्याचा निकाल लागला होता: म्हातारा गेला. तो निकाल खोटाही ठरला नाही. चोविसाव्या दिवशी, २१ जुलैला, बायडन यांनी निवडणुकीतून माघार घेतली.

कल्याणला उतरताना मी त्या पोरांना विचारले, "बाबांनो, हे दोघे कामगाराच्या पगाराबद्दल काय म्हणाले?" कोणालाच सांगता येईना. मीही मनाशी विचार केला, आणि खरे सांगतो, मलाही सांगता येईना. तासभर मीही त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडेच पाहत होतो. तीस वर्षे मी लोकांना "बोलण्याकडे नको, कराराकडे बघा" असे सांगत आलो. तो मी! त्या दिवसापासून या विषयाने माझी पाठ सोडलेली नाही.

आता या वादांवर अमेरिकेत सर्वांत जास्त आक्षेप कोण घेते? तिथले उजवे. त्यांना आपल्याकडे कोणी पुराणमतवादी म्हणतो, कोणी स्थितिवादी, आणि आमच्या चळवळीत तर सरळ 'प्रतिगामी' म्हणून मोकळे होतात. एक शिक्का मारला की ऐकायचे काम संपले! मी पुष्कळ वर्षे तेच केले. पण कामगारांत काम करणाऱ्याला एक गोष्ट टाळता येत नाही. अमेरिकेतले लाखो कामगार त्याच पक्षाला मत देतात. ते सगळे मूर्ख आहेत असे म्हणणे हा आळस झाला. तेव्हा ते काय म्हणतात ते आधी नीट ऐकून घेऊ, मग हिशेब मांडू.

परंपरावाद्यांचे मूळ म्हणणे थोडक्यात असे: जुन्या संस्था, धर्म, कुटुंब, मालमत्ता यांना हात लावण्यापूर्वी दहा वेळा विचार करा; सरकारचा हात आखडता ठेवा; आणि लोकांच्या क्षणिक लाटेवर राज्य चालवू नका. या विचाराचा एक जुना पुरुष म्हणजे इंग्लंडातला एडमंड बर्क. १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांना त्याने निवडून आल्या दिवशीच सांगितले, की प्रतिनिधीने तुमच्यासाठी कष्ट करावेत हे खरे, पण स्वतःची सारासार बुद्धीही तुमच्या मर्जीपुढे गहाण टाकू नये. पुढे १७८० साली ब्रिस्टलची ती जागा त्याला सोडावी लागली, तो भाग निराळा! पण म्हणणे विचार करण्याजोगे आहे.

अमेरिकेत प्रथम प्रथम उमेदवाराने स्वतः मते मागत हिंडणे हेच हलकेपणाचे मानत. १८९६ सालची गोष्ट पाहा. डेमोक्रॅटिक पक्षाचे ब्रायन आगगाडीने देशभर हजारो मैल फिरले आणि भाषणांनी त्यांनी रान उठवले. रिपब्लिकन पक्षाचे मॅकिन्ले ओहायोतल्या आपल्या घराच्या ओसरीवरून हलले नाहीत. लोकांनाच त्यांच्याकडे आणले गेले. निवडून आले मॅकिन्ले. अर्थात त्यांच्यामागे कारखानदारांचा पैसा होता हेही विसरू नका. ओसरीवर बसायलाही भांडवल लागते.

परंतु परंपरावादी वादविवादाच्या विरुद्ध आहेत असे समजू नका. त्यांचा आवडता दाखला १८५८ सालचा आहे. इलिनॉय राज्यात लिंकन आणि डग्लस यांनी सात गावी सात वाद केले, मुख्यतः गुलामगिरीच्या प्रश्नावर. पहिल्याने एक तास बोलायचे, दुसऱ्याने दीड तास उत्तर द्यायचे, आणि पहिल्याने पुन्हा अर्धा तास. एकूण तीन तास, उघड्यावर, आणि लोक उभे राहून ऐकत. सेनेटची ती जागा लिंकनला मिळाली नाही. तेव्हा सेनेटर विधिमंडळ निवडत असे आणि त्याने डग्लसला निवडले. पण ती भाषणे छापली गेली, वाचली गेली, आणि दोन वर्षांनी लिंकन राष्ट्राध्यक्ष झाला. आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. आज आपण ज्या मांडवात बसलो आहोत, तो त्याच काळाचा वारसा म्हणायचा. एका माणसाला तासभर बोलू द्यावे आणि मग मत बनवावे, ही ती रीत.

मग पडदा आला. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागोच्या स्टुडिओत केनेडी आणि निक्सन यांचा पहिला वाद झाला. सुमारे सात कोटी लोकांनी तो पाहिला. निक्सन गुडघ्याच्या दुखण्याने नुकतेच इस्पितळातून उठलेले, चेहरा ओढलेला, करडा कोट मागच्या भिंतीत मिसळून गेलेला. केनेडी उन्हात रापलेले, ताजेतवाने. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन सरस वाटले, असे पुष्कळदा सांगतात. त्या पाहणीचा आधार मात्र तकलादू आहे, असे अभ्यासू लोकांचे मत आहे. तेव्हा त्यावर फार मोठी माडी बांधू नये. एवढे मात्र नक्की, की त्यानंतर उमेदवारांना आरशाची भीती वाटू लागली. १९६४, १९६८, १९७२ या तिन्ही निवडणुकांत असा एकही वाद झाला नाही. जो पुढे आहे त्याने धोका कशाला पत्करावा? १९६४ चे उजवे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर सांगत, की केनेडी आणि ते मिळून गावोगाव फिरून वाद करण्याच्या गोष्टी करीत होते. १९६३ च्या नोव्हेंबरात केनेडींची हत्या झाली आणि ते राहून गेले. जॉन्सन काही वादाला उभे राहिले नाहीत.

आता उजव्यांचे आक्षेप एकेक करून घेऊ.

पहिला आक्षेप असा, की दोन मिनिटांत उत्तर देणे हे राज्य चालवण्याचे काम नव्हे. राज्यकर्त्याला विचार करावा लागतो, गप्प बसावे लागते, कधी नाही म्हणावे लागते. पडद्यावर गप्प बसलेला माणूस हरतो. मला हे पटते. मालकाशी वाटाघाटी करताना सर्वांत उपयोगी पडते ते मौन. ते टेलिव्हिजनवर दाखवता येत नाही.

दुसरा आक्षेप प्रश्न विचारणाऱ्यावर. ते म्हणतात, प्रश्न विचारणारे पत्रकार तटस्थ नसतात. बहुतेक डावीकडे झुकलेले असतात. २०१२ साली ओबामा आणि रॉम्नी यांच्या वादात सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी लिबियाच्या मुद्द्यावर रॉम्नींना तिथल्या तिथे दुरुस्त केले, हे त्यांच्या मनात अजून सलते आहे. १९८७ साली या वादांसाठी दोन्ही पक्षांनी मिळून एक मंडळ उभारले होते. २०२२ च्या एप्रिलमध्ये रिपब्लिकन पक्षाच्या समितीने त्या मंडळाशी संबंध तोडला. २०२४ च्या सप्टेंबरात फिलाडेल्फियात ट्रम्प आणि कमला हॅरिस यांचा वाद झाला, तेव्हाही तीच तक्रार: आमच्याच माणसाला मध्ये थांबवून दुरुस्त करता, समोरच्या बाईंना का नाही?

आता मंडळी, मी या तक्रारीला हसणार नाही. ज्याच्या हाती घंटा, त्याच्या हाती सभा, हे आम्हा कामगारांना कोणी शिकवायला नको. चौकशी अधिकारी मालकाने नेमलेला असला म्हणजे प्रश्न कसे पडतात, हे मी शेकडो चौकश्यांत पाहिले आहे. प्रश्न कोण विचारतो हा प्रश्न खराच आहे. पण बोललेले खोटे असेल तर ते खोटे म्हणायचेच नाही, हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही. दोघांनाही सारखेच तपासा, हा उपाय.

तिसरे म्हणणे निवडणुकीच्या पद्धतीबद्दलचे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष थेट एकूण मतांवर निवडला जात नाही. राज्यवार ५३८ निर्वाचक असतात. २७० मिळाले की जिंकला. २००० साली बुश आणि २०१६ साली ट्रम्प एकूण मते कमी पडूनही निवडून आले. डावे म्हणतात हा अन्याय. उजवे म्हणतात, हा देश राज्यांचा संघ आहे. चार मोठ्या शहरांनी सगळ्यांचा धनी ठरवू नये. आमच्या कामगार महासंघांतही हाच वाद चालतो. पाच हजारांच्या कारखान्याला किती प्रतिनिधी आणि ऐंशी माणसांच्या कारखान्याला किती? मोठ्यांना ते डोक्यांवर मोजायचे असतात, लहानांना कारखान्यावर. शहापूर-मुरबाडच्या माणसाने मुंबईच्या तुलनेत आपले वजन किती याचा विचार केला, तर या उजव्या म्हणण्यातले दुखणे त्याला कळेल. तथापि, ज्याला जास्त मते तो हरला, हे सामान्य माणसाच्या गळी उतरवणे कठीण. आणि मला ते उतरत नाही.

पण मौज अशी, की पडद्याला नावे ठेवणाऱ्या या उजव्यांना मोठे केले ते पडद्यानेच. विल्यम बकले नावाचे त्यांचे एक विद्वान गृहस्थ होते. १९६६ पासून १९९९ पर्यंत त्यांनी टेलिव्हिजनवर वादाचा एक कार्यक्रम चालवला. आणि बोलावले कोणाला? गरिबीवर लिहिणारे समाजवादी मायकेल हॅरिंग्टन, समाजवाद्यांचे वृद्ध नेते नॉर्मन थॉमस, अशांना. समोरच्याला पुरते बोलू देऊन मग त्याला कोंडीत पकडायचे, अशी त्यांची हातोटी. पण हेच बकले १९६८ साली लेखक गोर व्हिडाल यांच्याबरोबर पडद्यावर बसले, तेव्हा व्हिडाल यांनी त्यांना नाझींच्या पंक्तीला बसवले, बकले यांचा तोल सुटला आणि त्यांनी शिवी हासडली. मागाहून त्यांना त्याचा पस्तावा झाला. लोकांच्या ध्यानात मात्र काय राहिले? शिवी. त्यांच्या जवळजवळ तीन तपांच्या कार्यक्रमातले किती जणांना आठवते?

आणि दुसरा माणूस म्हणजे रोनाल्ड रेगन. इथे माझा जीव गुंतलेला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. २७ ऑक्टोबर १९६४ रोजी गोल्डवॉटर यांच्यासाठी रेगन यांनी टेलिव्हिजनवर अर्ध्या तासाचे भाषण केले. गोल्डवॉटर सपाटून पडले, सहाच राज्ये हाती लागली. पण रेगन उभे राहिले. दोन वर्षांत ते कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले. आपल्याला नवल वाटेल, पण हे रेगन आधी युनियनचे अध्यक्ष होते! सिनेनटांच्या संघटनेचे. १९६० साली त्यांनी संपाचे नेतृत्व केले. आपले चित्रपट टेलिव्हिजनवर दाखवले तर त्याचा मोबदला नटांना मिळाला पाहिजे, ही मागणी होती. तडजोडीत जुन्या चित्रपटांवरचा हक्क सोडावा लागला आणि त्याबदली पेन्शन व आरोग्य निधी मिळाला. म्हणजे आपल्यासारखाच मागणीपत्रक आणि तडजोड जाणणारा माणूस.

२८ ऑक्टोबर १९८० रोजी क्लीव्हलँडमध्ये कार्टर यांच्याबरोबरच्या वादात रेगन यांनी मतदारांना एकच प्रश्न घातला: चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचे बरे चालले आहे का? किती साधा प्रश्न! महागाईने पिचलेल्या माणसाच्या वर्मावर बोट. कामगारांनीही त्यांना भरभरून मते दिली. विमानवाहतूक नियंत्रकांच्या युनियनने तर जाहीर पाठिंबा दिला होता, कारण वादाच्या आठच दिवस आधी रेगन यांनी त्यांच्या अध्यक्षाला पत्र लिहून परिस्थिती सुधारण्याचे आश्वासन दिले होते.

पुढे काय झाले? ३ ऑगस्ट १९८१ रोजी त्याच युनियनने संप केला. रेगन यांनी ४८ तासांची मुदत दिली, आणि ५ ऑगस्टला ११ हजारांवर नियंत्रकांना कामावरून काढून टाकले. ऑक्टोबरात युनियनची मान्यताही गेली. उजवे याचे समर्थन कसे करतात ते प्रामाणिकपणे सांगतो. सरकारी नोकराने संप न करण्याची शपथ घेतलेली असते. शपथ मोडली, नोकरी गेली. कायद्यापुढे मैत्री नाही. युक्तिवादाला आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. पण त्या पत्राचे काय? ते पत्र कुठल्या वादात, कुठल्या पत्रकाराने रेगन यांच्यापुढे धरले? खाजगी मालकांनीही त्यापासून धडा घेतला, आणि संप करणाऱ्याला कायमचे बदलून टाकायचे, ही रीत तिकडे बळावली.

मंडळी, त्यानंतर पाच महिन्यांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. डॉ. दत्ता सामंत त्याचे नेते. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. तो नुसता विरून गेला. माझे वडील परळच्या एका गिरणीत होते, याच वाशिंद स्टेशनवरून पहाटेची गाडी धरत. मी तेव्हा बारा वर्षांचा. वडील पुन्हा गिरणीत गेले नाहीत. आमच्या ओटीवर संध्याकाळी माणसे जमत आणि डॉक्टरांच्या भाषणांची वाक्ये एकमेकांना म्हणून दाखवत. भाषणे तोंडपाठ होती सगळ्यांना. मागण्यांपैकी पहिल्या महिन्यात काय मिळू शकते, आणि सहाव्या महिन्यात घरात काय उरेल, हे विचारणारा त्या ओटीवर कोणी नव्हता. अमेरिकेतला संप आणि आमचा संप यांची कारणे निराळी, माणसे निराळी. पण टाळी देऊन परतलेल्या माणसाच्या घरची चूल दोन्हीकडे सारखीच.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, पण तिच्याशिवाय हे व्याख्यान अपुरे राहील.

आधी पुन्हा रेगन. १९८४ साली ते ७३ वर्षांचे होते. पहिल्या वादात ते चाचरले आणि वयाचा प्रश्न निघाला. दुसरा वाद २१ ऑक्टोबरला कॅन्सस सिटीत झाला. प्रश्न येताच ते म्हणाले, वय हा प्रचाराचा मुद्दा मी करणार नाही. प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचा आणि अननुभवाचा राजकीय फायदा घेणे मला शोभणार नाही. सगळे हसले. प्रतिस्पर्धी माँडेलसुद्धा हसले. प्रश्न तिथेच मेला. प्रश्नाला उत्तर मिळाले होते का? नव्हते. पण हसलेल्या माणसाला पुन्हा विचारता येत नाही.

हे मला पुरते कळते, कारण मीही ते केले आहे. वीसेक वर्षांपूर्वी एका इंजिनिअरिंग कारखान्यात आमच्या युनियनची निवडणूक होती. माझ्याविरुद्ध स्टोअर्समधले एक वयस्कर कामगार उभे होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत. द्वारसभेत दोघांनी बोलायचे ठरले. भाऊ एक वही घेऊन आले. त्यांचे म्हणणे असे, की नव्या करारात ठोक वाढ मागू नका. महागाई भत्ता निर्देशांकाला बांधून घ्या. ते हळू बोलत, आकडा चुकला की मागे जाऊन पुन्हा वाचत. पाळी सुटलेली, लोकांना गाडी धरायची. मी मध्येच म्हणालो, "भाऊ, तुमची वही संपेपर्यंत दुसरी पाळी सुटेल!" हशा झाला. भाऊंनी वही मिटली आणि ते खाली बसले. मी मोठ्या मतांनी निवडून आलो.

तीन वर्षांचा करार मी केला. ठोक वाढ घेतली. आकडा मोठा दिसत होता, पेढे वाटले. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस महागाईने ती वाढ खाऊन टाकली, आणि तिसऱ्या वर्षी माझ्या माणसांच्या हातात खऱ्या अर्थाने पूर्वीपेक्षा कमी पडत होते. दोष मालकाचा नव्हता. मी मागितले ते त्याने दिले. मी भाऊंच्या घरी गेलो. त्यांनी वही काढून दिली. हिशेब रुपयाला रुपया बरोबर होता. मी माफी मागितली, तर म्हणाले, "मला बोलता आलं नाही, ही माझी चूक. पण तुला ऐकायचं नव्हतं तरी ह्या लोकांनी विचारायला हवं होतं." पुढच्या कराराचे मागणीपत्रक त्या वहीवरून लिहिले. पण त्या मधल्या वर्षांत एकाने मुलीच्या शाळेची फी भरायला सोसायटीचे कर्ज काढले, ते काही माझ्या माफीने फिटले नाही.

म्हणून उजव्यांचा पहिला आक्षेप मला मनापासून मान्य आहे. चटपटीत जीभ आणि बरोबर हिशेब एकाच माणसाजवळ असतीलच असे नाही. पण पुढे त्यांच्यातले काही जे म्हणतात, की म्हणून लोकांनी थोरामोठ्यांवर सोपवून घरी बसावे, ते मला मान्य नाही. भाऊंवर सोपवायलाही आधी भाऊंना ऐकावे लागते. आणि सोपवलेल्या माणसाने चूक केली तर जाब कोण विचारणार?

२०२४ साली काय झाले तेही पाहा. जुलैमध्ये ट्रकचालकांच्या मोठ्या युनियनचे, टीमस्टर्सचे, अध्यक्ष शॉन ओब्रायन रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात जाऊन बोलले. त्या युनियनचा अध्यक्ष त्या व्यासपीठावर पूर्वी कधी गेला नव्हता. ऑगस्टमध्ये ट्रम्प यांनी एका उद्योगपतीशी गप्पा मारताना संपकऱ्यांना काढून टाकण्याची तारीफ केली, तेव्हा त्याच ओब्रायन यांनी जाहीर निषेध केला. सप्टेंबरात त्या युनियनने कोणालाच पाठिंबा न देण्याचे ठरवले. काहींनी त्यांना फितूर म्हटले, काहींनी भित्रे. मला त्यांच्यात एक गोंधळलेला कामगार नेता दिसला, माझ्यासारखाच. त्याचे सभासद उजवीकडे निघालेले, आणि उजवीकडचे व्यासपीठ संपाला हसणारे.

फिलाडेल्फियाच्या वादात हॅरिस सरस ठरल्या, असे पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांनी सांगितले. नोव्हेंबरात ट्रम्प ३१२ विरुद्ध २२६ अशा निर्वाचक मतांनी निवडून आले. म्हणजे जूनच्या वादाने एका उमेदवाराला घरी बसवले, आणि सप्टेंबरच्या वादाने काहीच फिरवले नाही. पडदा माणसाला पाडू शकतो. राज्य कसे चालेल ते काही तो सांगू शकत नाही.

आपल्या मराठी माणसाचेही एक उदाहरण आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ साली मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत उतरले. पदरचे सुमारे एक कोटी डॉलर खर्च केले, टेलिव्हिजनवर जाहिराती झळकल्या, आणि ते तिसरे आले. पुढे २०२० मध्ये राज्याच्या विधिमंडळात आणि २०२२ मध्ये देशाच्या काँग्रेसमध्ये निवडून गेले. आपल्याला अभिमान वाटतो, वाटावा. पण ज्याच्याजवळ एक कोटी डॉलर नाहीत त्या भाऊंनी पडद्यावर कसे यायचे, हा प्रश्न उजव्यांनाही विचारला पाहिजे आणि डाव्यांनाही.

आणि आपण? १९९६ च्या मे महिन्यात तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारवरची लोकसभेतली चर्चा दूरदर्शनने थेट दाखवली. सभागृहात आकडे नव्हते, राजीनामा द्यावा लागला. पण घराघरांत ते भाषण पोचले, आणि १९९८ साली ते पुन्हा पंतप्रधान झाले. ती चर्चा तासन्‌तास चालली होती, हे लक्षात ठेवा. आज रात्री आठ वाजता आपल्या पडद्यावर सहा चौकटींत सहा माणसे एकदम ओरडतात. त्याला वाद म्हणायचा तर बाजारातल्या भांडणाला सभा म्हणावे लागेल.

तेव्हा शेवटी उजव्यांकडूनच एक गोष्ट उसनी घेऊन सांगतो, आणि तीही अमेरिकेतली नव्हे, आपल्या जिल्ह्यातली. रामभाऊ म्हाळगी जनसंघाच्या मुशीतले. १९७७ आणि १९८० साली ते ठाण्याहून लोकसभेवर गेले. आमच्या झेंड्याचा आणि त्यांच्या झेंड्याचा रंग कधी जुळला नाही. पण वर्षभरात आपण काय काम केले याचा अहवाल मतदारांपुढे मांडायचा, ही त्यांची शिस्त होती. न विचारता जाब देणारा प्रतिनिधी! डाव्या असो वा उजव्या, किती जणांनी तो कित्ता गिरवला, याचा आपण सर्वांनी मनाशी विचार करावा.

माझी सूचना लहानशी आहे. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावी असा कायदा आहे. निवडणुकीच्या आधी गावातल्या सगळ्या उमेदवारांना एका मांडवात बसवा. कॅमेरा नको. प्रश्न तीनच काढा, आणि ते गावाने काढावेत. पहिला प्रश्न तुम्हाला मी सांगायला नको: ज्या तालुक्यातून तानसा, वैतरणा आणि भातसा मुंबईला पाणी पाजतात, त्या तालुक्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर का लागतो, आणि तुम्ही नेमके काय करणार? प्रत्येकाला वीस मिनिटे द्या. जो अडखळेल त्याला थांबू द्या, वही उघडू द्या, हसू नका. उत्तर एका वहीत उतरवून घ्या आणि खाली त्याची सही घ्या. वर्षाने ग्रामसभेत तीच वही मोठ्याने वाचा, आणि मग दुसरा प्रश्न विचारा: झाले काय?

अमेरिकेच्या वादांत पहिला प्रश्न फार थाटाने विचारतात. दुसरा प्रश्न विचारायला तिथे कोणी मागे थांबत नाही. आपण तेवढे जरी केले, तरी माझ्या मते फार झाले.

 आता प्रश्न विचारा. कसाऱ्याची शेवटची गाडी जायला अजून पुष्कळ अवकाश आहे.